सुई नसलेल्या डॉक्टरीणबाई

समस्त वाचकांस कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखिकेला वयाच्या आठव्या वर्षी वेडी ठरवण्याचा घाट घातला गेला होता. निदान आईची तशी खात्री होती. परवा भाचीच्या मेणखडूंचा वास आला आणि सत्तरच्या दशकातली, आमच्याच गावातल्या सात रस्त्यावरची डॉक्टरीणबाईंची ती खोली आठवली.

मी वर्गात फार ओरडते, मुलांच्या मानसतज्ज्ञांना दाखवा, नाहीतर शाळेतून नाव काढून टाकू, असं शाळेनं कळवलं होतं. आमच्या भवानी पेठेतल्या घरात पुढच्याच खोलीत चार यंत्रमाग दिवसभर खडखडत.

"सुई न्हाय, नळी न्हाय, नुसते खडू. ही कसली डॉक्टरीण?" आई बाबांच्या कानात म्हणाली. ते जिन्यापर्यंत ऐकू गेलं.

बाईंनी मला घर काढायला सांगितलं. मी माग काढले, माणसं काढली, सगळ्यांचे जबडे उघडे. बाई चित्र बघत राहिल्या. त्यावर त्या 'वेडी' लिहितील या धास्तीनं आई कागद ओढायच्याच बेतात होती. आज वाटतं, त्या खोलीत घाबरलेली ती एकटीच होती.

बाईंनी हळूच विचारलं, "घरात सगळेच मोठ्यानं बोलता का हो?"

खिडकीतली कबुतरं उडाली, एवढ्या आवाजात आई म्हणाली, "कोण वरडतंय आमच्यात?"