आमच्या घरातली कावीळ

आजारी माणसाच्या खाटेजवळ एक रिकामी खुर्ची ठेवावी. किस्से जमवायला आणखी काही करावं लागत नाही. तीस वर्षांच्या स्टाफरूमने मला दिले नाहीत एवढे किस्से या चार महिन्यांत त्या खुर्चीने दिले. सगळे जसेच्या तसे आठवताहेत का, याची खात्री नाही. आजकाल मला कशाचीच खात्री नसते.

मी प्राणिशास्त्राचा प्रोफेसर, आता रिटायर्ड. पुण्याच्या सर्जनने माझं पोट उघडलं, आत पाहिलं, पित्ताला दुसरी वाट करून दिली आणि शिवून टाकलं. मला म्हणाले, "थोडी सूज आहे." जावयाला मात्र व्हरांड्यात नेऊन पाऊण तास बोलत होते. सूज समजावायला पाऊण तास!

सोलापूरच्या डॉक्टरसाठी दिलेलं बंद पाकीट मी चहाच्या वाफेवर उघडलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. तीनदा वाचलं. इंग्रजी माझं कच्चं नाही, पण न जाणो! मग पाकीट पुन्हा चिकटवलं.

घरात जाहीर झालं ते 'कावीळ'. जावयाने हिला खरं सांगितलं की नाही, ते मला कळेना. ही मला फसवतेय, की आम्ही सगळे मिळून हिला फसवतोय? चाळीस वर्षांच्या संसारात तिला एवढा साधा प्रश्न विचारायचं धाडस मला होईना. तिच्याशी एकदा सरळ बोलता आलं असतं, तर बाकी अख्खं सोलापूर खोटं बोललं असतं तरी चाललं असतं.

*

आमचा डॉक्टर माझाच विद्यार्थी. इंटरला प्रॅक्टिकलच्या वेळी त्याला म्हटलं होतं, "बेडकाचं स्वादुपिंड दाखव." पठ्ठ्याने यकृत दाखवलं!

पाकीट वाचून तो आला, माझ्या पोटावरून हात फिरवला आणि छताकडे बघत म्हणाला, "सर, यकृत जरा बिघडलंय. बाकी काही नाही."

पंचवीस वर्षं झाली, गड्याने चूक अजून सुधारलेली नाही!

*

आमचे माजी प्रिन्सिपॉल मोसंबी घेऊन आले. मोसंबी सगळेच आणतात. मला पचत नाही, म्हणून येणाऱ्यांनाच रस काढून देतो. बसल्या बसल्या त्यांनी स्वतःची अ‍ॅसिडिटी काढली. तासभर मी त्यांना धीर दिला, माझ्यातल्या दोन गोळ्याही दिल्या. मग त्यांची नजर माझ्या पुस्तकांच्या कपाटांवर गेली.

"एवढ्या पुस्तकांचं पुढं काय ठरवलंय?"

त्यांनी जीभ चावली. "म्हणजे, घराला रंग द्यायचा झाला तर!"

जाताना दारात म्हणाले, "तुमच्याशी बोललं की फार बरं वाटतं हो. विलपॉवर ठेवा!"

*

शेजारच्या शिवलिंगप्पांचं धान्याचं दुकान आहे. मी तीस वर्षं प्रोफेसर असूनही ते मला मास्तरच म्हणतात. त्यांनी अक्कलकोटकडचा एक काविळीवाला आणला. त्याने माझ्या हातांना कसल्याशा सालीचा रस चोळला आणि चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. पाणी पिवळंजर्द!

"बघा, कावीळ उतरली!"

मी त्याला अर्धा तास लेक्चर दिलं. रंग सालीचा आहे, काविळीचा नाही. कावीळ ऑपरेशननेच उतरत आली आहे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि बाहेर जाऊन ओट्यावरच्या बायकांना सांगितलं, "मास्तर लई शिकलेत. वेळ लागंल."

दुसऱ्या दिवशी ही देवळात गेल्यावर मी गुपचूप चुन्याचं पाणी घेतलं आणि साल न लावता हात धुतले. पाणी पांढरंच राहिलं. माझंच म्हणणं खरं ठरलं होतं.

आणि मला वाईट वाटलं! प्राणिशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला माणूस!

*

भेटायला येणाऱ्यांत शिवलिंगप्पा एकटेच मोसंबी आणत नाहीत. दुपारी चारला येतात, खुर्चीत बसतात. एकदा विचारलं, "मास्तर, दुखतंय का?"

इतक्या महिन्यांत हे कोणी विचारलंच नव्हतं. विलपॉवरची चौकशी सगळ्यांनी केली होती.

"हो."

"लई?"

"लई."

"बरं. बसतो मग."

आणि सहा वाजेपर्यंत बसले. एक शब्द नाही. समाचार घेण्याचं शिक्षण द्यायचं झालं, तर अख्ख्या स्टाफरूमला यांच्या दुकानात पाठवायला हवं.

*

परवा ते वर्षाच्या धान्याचं विचारायला आले. आमच्याकडे दरवर्षी ज्वारी दोन पोती आणि गहू अर्धं पोतं, हे ठरलेलं. ही माझ्या खाटेशी तांदूळ निवडत बसली होती.

"वैनी, यंदा काय काय घालू?"

"ज्वारी एकच पोतं."

शिवलिंगप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "आन् गहू?"

"गहू दोन पोती."

"दोन? दोन कशाला वो? तुमच्यात गहू खातंय कोण?"

हिने ताट खाली ठेवलं. माझ्याकडे सरळ बघितलं आणि शिवलिंगप्पांना सांगितलं, "तेरा दिवस घर भरलेलं असेल. शेवटच्या दिवशी सगळ्यांना जेवायला घालावं लागेल. तेव्हा मी कुठं पळू गव्हासाठी?"

शिवलिंगप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मी तिच्याकडे बघत राहिलो. तीही नजर काढेना. वर्गात दीडशे पोरांपुढे कधी माझी बोबडी वळली नव्हती. मग मी म्हणालो, "या लोकांसाठी दोन पोती? एक पुष्कळ झालं!"

"बरं," ती म्हणाली, "दीड."