भिंगरी की चिमणी

"थांबवा! मशीन थांबवा!"

त्या घरघरीत माझा आवाज कुणाला ऐकू गेला नाही. सुपे गावातल्या दगडकामाच्या शेडमध्ये काळ्या ग्रॅनाइटवर कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनचं कोरायचं टूल फिरत होतं. मी मालक गाडेंसमोर जाऊन दोन्ही हात हलवले. त्यांनी लाल बटण दाबलं.

"काय झालं, मॅडम?"

"पक्षी चुकलाय."

माझं काम प्राचीन लिप्यांचं एन्कोडिंग. आपण मोबाईलवर 'क' लिहितो, तेव्हा आत 'क'चा ठरलेला नंबर साठवला जातो. त्या नंबरवरून फॉन्ट अक्षर काढतो. इजिप्तच्या चित्रलिपीतल्या चिन्हांनाही आता असे नंबर आहेत. एका म्युझियमला मी तिथल्या एका राजाच्या शिलालेखाची अशी फाइल करून दिली होती. त्याचीच दगडी प्रतिकृती इथे कोरली जात होती. मी सहज बघायला आले होते.

त्या लिपीत भिंगरी पक्षी म्हणजे 'थोर' आणि चिमणी म्हणजे 'क्षुद्र, वाईट'. चित्रं जवळजवळ सारखी. भिंगरीची शेपटी दुभंगलेली, चिमणीची गोल, एवढाच फरक. मशीनच्या स्क्रीनवर राजाच्या नावापुढे गोल शेपटी होती. दगडात डोकं आणि मान उतरली होती, पोट अर्धं झालं होतं.

मी म्युझियमच्या क्युरेटर बाईंना फोन लावला.

"अहो, प्रूफ मी स्वतः पास केलंय," त्या म्हणाल्या. "उद्या उद्घाटन आहे."

"माझ्या फाइलमध्ये भिंगरीचा नंबर आहे. इथे चिमणी कुठून आली?"

त्यांनी दुसऱ्या फोनवरून डिझायनरला विचारलं. मग म्हणाल्या, "डिझायनरकडे तुमचा फॉन्ट नव्हता. चिन्हांच्या जागी नुसते रिकामे चौकोन दिसत होते. त्याने नेटवरून चित्रं शोधून बसवली."

"मॅडम, राजाला क्षुद्र म्हटलंय."

"उद्या इजिप्तचे पाहुणे येतायत हो!" त्यांचा आवाज चिरकला. "बदला. काहीही करा."

गाडेंनी मान हलवली. "बदलू, पन इमर्जन्सीचं लाल बटन दाबलंय. मशीन आपली जागा इसरलं. टूल परत नेमकं तिथंच बसंल, ह्याची ग्यारंटी न्हाई. आन दगड ह्यो एकच हाय."

मी लॅपटॉप उघडला. भिंगरीची आउटलाइन काढली, कोरलेल्या मानेशी जुळवली. बाकीची सगळी चिन्हं नंबरांशी पडताळली. ती बरोबर निघाली. गाडे दगडावर ओणवे होऊन टूल केसाकेसाने सरकवत होते.

"मॅडम, जरा लांब हुबं ऱ्हावा. मला घाम फुटतोय."

मशीन सुरू झालं. पाण्याच्या फवाऱ्यात काही दिसेना. थांबलं, तेव्हा गाडेंनी फडक्याने दगड पुसला. शेपटी दुभंगलेली होती. पोटावर मात्र, जुनं आणि नवं कोरीवकाम जुळतं तिथे, एक बारीक पायरी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी म्युझियममध्ये क्युरेटर बाईंनी त्या पायरीवरून बोट फिरवलं आणि तिची सावली दिसू नये म्हणून दिवा थोडा बाजूला वळवला.

आता शेवटचं प्रूफ माझ्याकडे येणार असेल, तरच मी काम घेते. स्क्रीनवर चौकोन दिसला की तिथे काय हवं, हे लोक विचारत नाहीत. दिसेल ते भरून टाकतात.