खड्ड्यात ओतलेल्या दोन बादल्या

माझ्या पेटीला कोणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. आजही फिरतं.

त्या दुष्काळात शहर पडेगावच्या पुढं पसरलं होतं, नळ मात्र मागंच राहिले होते. आमच्या वसाहतीत आठवड्याला एक टँकर, तोही ज्याची ओळख त्याच्या दारात आधी. म्हणून टँकर भरायच्या जागी मी एक पेटी बसवली. आत तळहाताएवढा लिनक्सचा कॉम्प्युटर, त्याला यूएसबीच्या वायरनं जोडलेलं कार्ड वाचायचं यंत्र. ड्रायव्हरनं कार्ड टेकवलं की कोणाची पाळी ते दिसायचं आणि मगच व्हॉल्व्ह उघडायचा. वशिला बंद! शेतकऱ्याच्या पोरीनं स्वतःच्या हातानं जोडलेली पेटी होती ती. सांगायला लाजू कशाला?

पण ते यंत्र मधेच गायब व्हायचं. वायर जागेवर, दिवा चालू, आणि कॉम्प्युटर म्हणायचा, यंत्र निघून गेलं. दोन मिनिटांनी परत यायचं. तोवर रांगेत शिव्या. मी वायर बदलली, यंत्राला वेगळा वीजपुरवठा दिला, प्रोग्राम दोनदा नव्यानं लिहिला. नाकी नऊ आले. शेवटी टँकरचा ठेकेदार म्हणाला, "मॅडम, उद्या दुपारपर्यंत बघतो. नायतर पेटी काढा, चिठ्ठीच बरी." चिठ्ठी म्हणजे पुन्हा वशिला आणि आमच्या गल्लीचे ड्रम कोरडे.

घरी कॉम्प्युटरमधल्या नोंदी तपासल्या. यंत्र दरवेळी टँकर भरायच्या पंपाची मोटर सुरू होतानाच जात होतं. जेवताना मी चिडून आईला सांगत बसले. तिनं गावाकडं विहिरीवरची मोटर कैक वर्षं चालवलेली.

"अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकतंय का कोणी?" ती म्हणाली.

"असल्या दिवसांत? प्यायला नाय अन् खड्ड्यात कोण टाकतंय!"

"मग बरोबर हाय. खड्ड्यातलं मीठ-कोळसा वाळलं की मोटरीतली चुकार वीज जमिनीत जात नाय, वरच फिरती अन् शेजारच्या यंत्राला दणका देती. आपल्या मोटरीला हात लावला की झिणझिण्या यायच्या, इसरलीस व्हय?"

काखेत कळसा अन् गावाला वळसा! मी वायरी चाचपत बसले होते.

सकाळी आईनं आमच्याच ड्रमच्या तळातून दोन बादल्या भरून दिल्या. "दुसऱ्याचं मागू नको," एवढंच म्हणाली. रिक्षात पाय आखडून मी त्या पंपावर नेल्या. खड्ड्याचं झाकण काढलं, आत नुसती भुकटी. पहिली बादली ओतली तसे ड्रायव्हर धावून आले.

"अरे बाई, पागल हो गई क्या? लोकांच्या घशाला कोरड पडलीय अन् तुम्ही पाणी मातीत घालता?"

"गप बसा! चुकलं तर मलाच ढकला या खड्ड्यात!"

दुसरीही ओतली. पाणी मुरू दिलं आणि मोटर लावायला सांगितली. यंत्र गायब झालं नाही. बंद केली, लावली. दहा वेळा लावली. एकदाही गेलं नाही, आणि रांग पुढं सरकली.

दुपारी ठेकेदारानं दुरुस्तीचा कागद पुढं केला. दोष कोणी शोधला, त्याचं नाव आणि शिक्षण लिहायचं होतं. मी आईचं पूर्ण नाव लिहिलं. पुढं लिहिलं, चौथी पास.

"मॅडम, हे वर साहेबांकडं जायचंय," तो म्हणाला.

"जाऊ द्या की," मी म्हणाले, "म्हणून तर अक्षर चांगलं काढलंय."