नवसाची दाढी

भिला मुकादमाची दाढी म्हणजे नंदुरबारच्या मिरची बाजाराचं भूषण. छातीवर रुळणारी, तेल पाजून काळीभोर ठेवलेली. सारंगखेड्याच्या जत्रेत लोक आधी घोडे बघत आणि मग भिलाची दाढी. हौस होती बापड्याला, दुसरं काय!

लढाईचे दिवस होते. विषारी वायूपासून बचाव म्हणून सरकारने बाजारपेठेला मुखवटे धाडले. रबरी, डोळ्यांना काचा, तोंडापुढे डबा. जेठमल शेठच्या वखारीच्या वाट्याला एकच आला. शिकवायला धुळ्याहून आलेल्या हवालदाराने तो वखारीचा मुकादम म्हणून भिलाच्या तोंडावर चढवला, डब्यावर तळहात दाबला आणि म्हणाला, "ओढ श्वास." दाढीतून हवा फुसफुसत आत आली.

"रबर कातडीला चिकटलं पाहिजे," हवालदार म्हणाला. "दाढी काढ, नाहीतर मुखवटा दुसऱ्याला दे."

सगळी पेठ बघत होती. मुकादम असून मुखवटा हमालाला द्यायचा? आणि दाढी तरी कशी द्यायची? भिलाच्या तोंडून निघून गेलं, "नवसाची शे. सप्तशृंगीच्या."

झालं! जेठमल शेठनी तिथेच हात जोडले. "देवीच्या नवसाला कोण हात लावणार, साहेब? राहू द्या." हवालदाराने कपाळावर हात मारून घेतला. मुखवटा भिलाकडेच राहिला.

घरी त्याची बायको कौसाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "तुम्ही नवस कवय बोलनात? माले त माहीतच नई."

"तू गप ऱ्हाय."

लोक येता-जाता दाढीला नमस्कार करू लागले, आणि या शहाण्याला ते आवडायलाही लागलं!

फाल्गुनात भर दुपारी वखारीतल्या मिरचीच्या ढिगाला आग लागली. ज्वाळा नाही, नुसता धूर. पण मिरचीचा धूर तो! चुलीत एक मिरची पडली तर आळी खोकते, इथे तर वखार पेटलेली. हमाल ठसकत बाहेर पळाले. आमशा हमाल तेवढा आत राहिला. त्याची बायको फुलीबाई दारात ऊर बडवू लागली.

भिलाने मुखवटा चढवला आणि आत शिरला. भित्रा नव्हता तो, एवढं म्हणायलाच हवं. ढिगामागून आमशाची हाक आली, "भाऊ! भाऊ!" तेवढ्यात दाढीच्या फटींतून धूर मुखवट्यात घुसला. काचांच्या आड डोळे पेटले, छाती कोंडली. हाक येतच होती. भिला वळला आणि भिंत चाचपत बाहेर येऊन पडला.

गोवाल नावाच्या हमालाचं तोंड तुळतुळीत होतं. त्याने भिलाच्या तोंडावरचा मुखवटा ओढून काढला, स्वतः चढवला, आत गेला आणि आमशाला खांद्यावर घालून आणलं. जीव वाचला, पण डोळे गेले. "जरा आधी काढला असता तर..." वैद्य म्हणाले.

लोक मात्र भिलालाच वारा घालत होते. "नवसाचा माणूस! देवीनेच राखला!" भिलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमशाची हाक काही केल्या कानातून जाईना.

दुसऱ्या दिवशी तो न्हाव्यापुढे बसला. न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला. "देवी कोपेल हो मुकादम!"

"कोपू दे. काढ."

उघडं तोंड घेऊन तो आमशाच्या झोपडीत गेला. फुलीबाईने बघितलं आणि पदर तोंडाला लावला. आमशा डोळ्यांवर ओलं फडकं घेऊन पडला होता.

"कोन?"

"मी. भिला."

आमशाने हात पुढे केला, चाचपडत गालावर ठेवला, आणि दचकला.

"भाऊ! मन्हासाठे नवस तोडा तुम्ही? आते देवी तुमले काय करी? मी तिले सांगसू, काय करनं ते माले कर, मन्हा भाऊले नको."

भिलाला रडू आवरेना. गप्प बसला असता तर जन्मभराचा मान होता.

"नवस नव्हताच रे आमशा," तो म्हणाला. "दाढी आवडे माले, म्हनीसन खोटं बोलनू."

आमशाचा हात थोडा वेळ तसाच गालावर राहिला. मग त्याने तो काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.