खरपुडीला घातलेलं पाणी

झरी जामणीकडच्या आमच्या टेकडीवर खरपुडी उगवायची. सगळा नुसता खडक. त्याच्या भेगेत मूठभर माती नाही, आणि तिथूनच बोटभर वेल निघून इवलंसं कंदिलासारखं फूल यायचं. आसपास दुसरीकडे कुठेच नाही. माझे बाबा त्या टेकडीवर शेळ्या चारायचे. बी उडाल्याशिवाय कंदाला हात लावायचा नाही ही आमची रीत. बाबा तर त्या बाजूला शेळीही फिरकू देत नसत.

मग टेकडी फोडून गिट्टी काढायचं ठरलं. टेकडी गेली की चराई गेली, शेळ्या गेल्या. बाबांनी अक्कल लढवली आणि कुठल्याशा खात्याच्या साहेबाला ते फूल दाखवलं. दुर्मीळ आहे हे कळल्यावर साहेब हरखला. कपाशीनं सगळ्यांची वाट लावली होती ती वर्षं. जो तो आमची रडकी तोंडं बघायला यायचा. याला म्हणे वरच्यांना काहीतरी सुंदर दाखवायचं होतं. डोंबलाचं सुंदर.

त्यानं त्या सगळ्या वेलींभोवती विटांचं आळं बांधलं, विटांना गेरू फासला, आत कपाशीच्या वावरातली काळी माती भरायला लावली. वर सकाळ-संध्याकाळ पाणी. बाबा हात जोडून म्हणाले, "साहेब, पानी नोका देऊ. हे गोट्यातच जगते, सडून जाईन."

साहेब हसला. शेळ्या वळणाऱ्यानं त्याला झाडं शिकवायची? बुटाला चिखल लागू नये म्हणून लांब उभं राहून बागकाम सांगणारा शहाणा तो.

माती डोक्यावर वाहिली मी. रोजावर मीच होते. बाबांचं खरं आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, बारावी शिकले होते, तोंडात जीभ होती. पण साहेब मला 'मॅडम' म्हणायचा आणि मी तेवढ्यावरच फुगले. त्याच्याइतकीच मला माझीही किळस येते.

महिन्याभरात कंद सडले. मग साहेबाचा कागद आला. ग्रामसभेत तो मलाच वाचायला दिला. सदर टेकडीवर दुर्मीळ वनस्पती आढळून आली नाही, सबब खाणीस हरकत नाही.

बाबा समोर खाली बसले होते. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "माती कोनं वायली, ते लिवलं हाय का त्यात?"

नव्हतं लिहिलं. तरी मी कागद उलटून पाहिला.