दुसरीला आलेलं सुवर्णपदक

क्षितिजा आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. लालबागची खोली सोडून आम्ही भाईंदरला इंद्रलोकमध्ये आलो तेव्हा ती आठवीत होती. तिचे वडील, बबनभाऊ, यांची अर्धी हयात मिठागरात गेली. मिठागर बंद पडल्यावर ते एका सोसायटीच्या पाण्याच्या पंपावर लागले. मी पोस्टातून रिटायर झालेली बाई, त्यामुळे बिल्डिंगमधले अर्ज आणि फॉर्म माझ्या टेबलावर येतात. तसे तिचेही येऊ लागले. शर्यतींचे फॉर्म.

पहिला भरला तेव्हा ती नववीत होती. जिल्ह्याची शर्यत, आणि हिची सायकल साधी, मागे कॅरिअर असलेली. चौथी आली. तिथेच धर्मेश सरांनी तिला हेरलं. त्यांचं सायकलचं दुकान होतं आणि सात-आठ पोरापोरींचा क्लब होता. ते घरी आले आणि बबनभाऊंना म्हणाले, रेसिंगची सायकल मी देतो, तुम्ही फक्त तिला पहाटे उठवा.

बबनभाऊंनी सहा वर्षं उठवलं. घोडबंदरच्या रस्त्याने गायमुखचा चढ, तिथून ठाणे आणि परत. तिच्याबरोबर क्लबमधली चांदणी असायची. ती मीरा रोडच्या पूनम सागर वसाहतीतली, वर्षाने मोठी, घरी ती आणि तिची आई एवढंच. चांदणी शेवटच्या दोनशे मीटरमध्ये कुणाला पुढे जाऊ द्यायची नाही. क्षितिजाची ताकद दमात होती. पुढे सरांनी दोघींना ट्रॅकवर नेलं. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतात, पायडल थांबवता येत नाही आणि वळणावरचा ट्रॅक भिंतीसारखा चढतो. पहिल्याच दिवशी क्षितिजा त्या भिंतीवरून घसरली आणि कमरेपासून गुडघ्यापर्यंत सोलून निघाली. तिथल्या शिबिराच्या हॉस्टेलवर आठ दिवस चांदणीने तिची वेणी घातली, ताट खोलीत आणून दिलं. हे मला क्षितिजानेच सांगितलेलं.

क्षितिजाच्या विसाव्या वर्षी दोघींना एका कंपनीच्या टीमने करारावर घेतलं. सायकल चालवण्याचा पगार मिळतो यावर क्षितिजाच्या आईचा, अनसूयाचा, बरेच दिवस विश्वासच बसला नव्हता. दोन हजार बावीसच्या डिसेंबरात राष्ट्रीय स्पर्धेतल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत चांदणी पहिली आली, क्षितिजा दुसरी. फरक अर्ध्या चाकाचा. बिल्डिंगने दोघींचा सत्कार केला आणि धर्मेश सर माझ्याच घरी जेवले.

मार्चमध्ये एका दुपारी क्षितिजाने बेल वाजवली आणि फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, "काकू, मी वाचलंय ते बरोबर आहे का बघा."

सायकलिंग संघटनेचा इंग्रजी मेल होता. मी दोनदा वाचला. चांदणीच्या तपासणीत बंदी असलेलं औषध सापडलं होतं, रक्त वाढवणारं. तिचा निकाल रद्द झाला होता आणि शर्यतीची विजेती म्हणून क्षितिजाचं नाव लागलं होतं. पदक कळवलेल्या तारखेला घेऊन जावं, असं शेवटी लिहिलं होतं.

 चांदणी आमच्याकडे भाकरी खाऊन गेलेली पोर. मी म्हटलं, काहीतरी चूक असेल.  क्षितिजा डाव्या बाहीचं टोक वर सारून दंडाकडे बघत होती. मला वाटलं, तिला काही चावलंय.

"काकू, तिला इंजेक्शन दिलं तेव्हा मी शेजारीच बसले होते," ती म्हणाली. "तिच्यानंतर मला दिलं. बाटली तीच होती."

शर्यतीच्या आधी तीन आठवडे सर दोघींना आयर्न आणि बी ट्वेल्व म्हणून इंजेक्शनं देत होते. मुलींचं हिमोग्लोबिन कमी पडतं, ते म्हणायचे, आणि तपासल्यावर दोघींचं खरोखरच कमी निघालं होतं. कुणी शंका घ्यावी असं त्यात काही नव्हतं. आणि त्या शर्यतीत तपासणी झाली ती फक्त पहिली आलेल्या मुलीची.

 तेवढ्यात बाहेर जिन्यात अनसूयाचा आवाज आला. तिला कुणीतरी फोनवर सुवर्णपदकाचं सांगितलं होतं आणि ती पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारोदार फिरत होती.

क्षितिजा सरळ चांदणीकडे, पूनम सागरला गेली. तिथे काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं. चांदणीला महिनाभर आधीच कळलं होतं. सरांनी तिला बजावलं होतं की ‘जिममधल्या एका माणसाकडून मीच घेतलं’ असं लिहून दे, बाकी मी बघतो. तिने तसं लिहून दिलं होतं. क्षितिजाचा विषय तिने कुठेच काढला नव्हता.

"तू का गप्प बसलीस?" क्षितिजाने विचारलं.

"माझं तर गेलंच," चांदणी म्हणाली. "तुझं तरी राहू दे. दोघी घरी बसून काय होणार आहे?"

क्षितिजा चालत घरी आली. रिक्षा करायचं तिला सुचलंच नाही. तिने आईवडिलांना सगळं, आणि आपण ते संघटनेला कळवणार हेही, सांगितलं तेव्हा मला बोलावून घेतलं होतं, कारण आपण नीट सांगू शकू याची तिला खात्री नव्हती. अनसूया आधी धर्मेश सरांना शिव्या देत राहिली, मग मुलीवर घसरली. तू जाणूनबुजून घेतलं न्हाय, मग तोंड कशाला उघडतेस, असा तिचा सवाल होता. मलाही तो अगदीच चूक वाटला नाही, हे कबूल करते. बबनभाऊ खिडकीपाशी उभे होते. ते वळले.

"पोरी, तुझ्या आंगाला काय होनार तं न्हाय ना?" त्यांनी विचारलं.

 दुपारपासून आम्ही पदक, बंदी, करार हेच बोलत होतो. त्या सुईने पोरीच्या शरीराचं काय केलं असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. क्षितिजा तेव्हा पहिल्यांदा रडली.

दुसऱ्या दिवशी बबनभाऊ तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. रिपोर्ट ठीक आले. त्यानंतर तिने मेलचं उत्तर लिहिलं. मी फक्त स्पेलिंग तपासली. पदक नको, मलाही तेच इंजेक्शन दिलं होतं, देणाऱ्याचं नाव हे, तारखा ह्या. चांदणीला आधी सांगितलं होतं. ती दोन दिवस बोलली नाही, मग तिनेही आपला जबाब बदलला.

सुनावणी वर्षभर चालली. क्षितिजावर दोन वर्षांची बंदी आली. चांदणीची चार वर्षांची होणार होती, ती अडीचवर आली. धर्मेश सरांना प्रशिक्षणाची कायमची मनाई झाली. पदक तिसऱ्या आलेल्या राजस्थानच्या मुलीकडे गेलं. टीमने करार मोडला. बिल्डिंगमध्ये काही लोक क्षितिजाशी लिफ्टमध्ये बोलेनासे झाले, त्यांत पेढे खाल्लेलेही होते. ती दोन वर्षं मीरा रोडच्या एका जिममध्ये बायकांना शिकवत होती आणि एकटीच गायमुखला जात होती.

बंदी संपल्यावर ती ज्या पहिल्या शर्यतीत उतरली ती रस्त्यावरची होती. अकरावी आली. चांदणी परतली नाही. ती आता फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये काम करते. दोघींचं फोनवर बोलणं होतं, पण सायकलचा विषय निघत नाही.

गेल्या महिन्यात मला भाईंदर पूर्वेला स्टेशनजवळ धर्मेश सर भेटले. त्यांनी नेहमीसारखा नमस्कार केला आणि विचारलं, "काकू, गुडघा कसा आहे आता?" मग म्हणाले, "क्षितिजा अकरावी आली ना? अजून दम आहे पोरीत." हसत होते.  या माणसाला मी माझ्या हाताने वाढलं होतं. ते निघून गेल्यावर मी एका दुकानाच्या पायरीवर बसले आणि दुकानदाराकडून पाणी मागून घेतलं.

घरी आल्यावर क्षितिजाला सांगावं की नाही, कळेना. शेवटी सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं, "त्यांच्याबरोबर कुणी मुली होत्या का?"

मी तेवढं पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती, सर जिथे क्लबच्या मुलींचा सराव घ्यायचे त्या रस्त्यावर दोन फेऱ्या मारून आली. सर नव्हते, कुणी मुलीही नव्हत्या, एवढं मला दारातूनच सांगितलं आणि आंघोळीला गेली. त्यानंतर रोज एक फेरी ती त्याच बाजूने मारते.