बोटभर लांब बाही

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमाराला आम्ही दोघं मित्र एक त्रैमासिक काढायचो. मी कॉलेजात मराठी शिकवत होतो. मित्राचा छापखाना होता. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापून उरलेल्या वेळात तो आमचा अंक छापायचा. कथा निवडायचं काम माझ्याकडं. पाकिटांवर कुणी जिल्हा लातूर लिही, कुणी सवयीनं उस्मानाबाद. पोचायची सगळीच. पण त्यातली चांगली कोणती, हे मला कधी छातीठोकपणे सांगता आलं नाही. सकाळी आवडलेली कथा संध्याकाळी पोकळ वाटायची, आणि परत पाठवलेली एखादी आठवडाभर डोक्यातून जायची नाही.

अशातच किनवटजवळच्या इस्लापूरहून एक कथा आली. लिहिणारा तिथल्या लाकडाच्या डेपोत कारकून होता. कथा बहात्तरच्या दुष्काळातल्या एका शिंप्याची. लोकांना खायलाच नाही, तर कपडे कोण शिवणार? बायको खडी फोडायला जाते, हा दारात रिकामा बसून राहतो. एक दिवस मशीन सायकलला बांधतो, "दुरुस्त करून आणतो" म्हणतो आणि जातो तो जातोच. कथा मला आवडली. शेवटची दोन पानं मात्र पाल्हाळ वाटली, म्हणून लेखकाला कळवून मी ती काढली. सायकल वळणाआड दिसेनाशी होते, तिथं कथा संपवली आणि छापली.

अंक निघून महिना झाला असेल. दुपारी छापखान्यात एक बाई आल्या, सोबत सतरा-अठरा वर्षांची मुलगी. गाव रेणापूरजवळचं. मुलगी लातुरात डीएड करत होती. कॉलेजच्या वाचनालयात तिनं आमचा अंक पाहिला होता.

"सर, ही कथा मी आईला वाचून दाखवली," ती म्हणाली.

बाई म्हणाल्या, "ही माझ्या मालकाची गोष्ट हाय, गुरुजी. लिव्हणारा कुटं ऱ्हातो?"

मी समजावलं, की कथा म्हणजे कल्पना असते. असे शिंपी गावोगाव होते.

बाईंनी पदर बाजूला सारून डावा हात पुढं केला. कोपराखाली हाड मोडून वेडंवाकडं जुळलेलं होतं, चांगला उंचवटा दिसत होता. ब्लाउजची ती बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब होती.

"मालकानं अशी शिवून द्याची सवय लावली. आता पोरगी शिवती. तुमच्या कथेत हायच की हे."

होतं. कथेतल्या शिंप्याच्या बायकोचा हात असाच होता, आणि बाहीही. प्रुफं तपासताना लेखकाच्या निरीक्षणाचं मी मित्राजवळ कौतुकसुद्धा केलं होतं. आता मित्र माझ्याकडं बघत होता, मी त्याच्याकडं.

"बनवून लिव्हलं म्हणता," बाई म्हणाल्या, "मंग माझी बाही त्येला कशी ठाव?"

पत्र टाकून विचारतो म्हणालो, पण बाईंना पत्र नको होतं. शेवटी पुढच्या रविवारी मी आणि मायलेकी असे तिघं निघालो. मी का गेलो, ते आजही नीट सांगता येत नाही. संपादकानं लेखकाकडं असा साक्षीपुरावा मागायला जाणं मला पटत नव्हतं, आणि न जाणंही जमेना.

लातूरहून बसनं नांदेड. तिथं गुरुद्वाऱ्यात लंगरमध्ये जेवलो. मग आदिलाबादकडं जाणारी पॅसेंजर. बाई खिडकीशी बसून प्रत्येक स्टेशनावर फलाटावरची माणसं न्याहाळत होत्या. मुलगी त्यांच्याकडं पाठ करून बसली होती. बाप गेला तेव्हा ती लहान होती. "मला त्यांचं तोंडसुद्धा नीट आठवत नाही, सर," एवढंच एकदा म्हणाली.

लेखक पोरसवदाच निघाला. दुष्काळात तो शाळेत असणार. संपादक घरी आले म्हणून त्याला आधी आनंद झाला, बायकोला चहा टाकायला सांगितला. बाई कोण ते कळल्यावर त्याचा चेहराच उतरला.

"आईशप्पथ सर, मी कुठल्याच शिंप्याला ओळखत नाही. डोक्यातून लिहिलं."

"मग बाही?"

"ती पण. म्हणजे..." तो थांबला. "कुणाची तरी पाहिली असंल लहानपणी. कुणाची ते न्हाई सांगता येत. आता तुम्ही विचारून राहिले तर मलाच शंका येऊन राहिली."

बाई उठल्या. अंगणात दोरीवर त्याचा शर्ट वाळत होता. त्यांनी तो उलटा केला आणि आतली शिवण बोटानं चाचपली. मग कॉलर पाहिली. "ही शिवण त्यांची न्हाई," म्हणाल्या. लेखक घाईनं म्हणाला, "रेडिमेड आहे, मावशी. नांदेडचा."

त्या परत येऊन बसल्या. "बरं. मंग पुढं काय झालं?"

"कशाचं पुढं?"

"माणसाचं. सायकलीवर बसवून सोडून दिलात त्येला. गेला कुटं?"

लेखकानं माझ्याकडं पाहिलं. "मी लिहिलं होतं. सरांनी काढलं."

बाई माझ्याकडं वळल्या. मी म्हणालो, कथा तिथंच संपलेली बरी वाटत होती. त्यांनी तोंड फिरवलं. लेखकाला म्हणाल्या, "तुमी सांगा."

तो अडखळत सांगू लागला. शिंपी नदीकाठच्या एका गावात पोचतो. किराणा दुकानाच्या ओसरीवर मशीन मांडतो, शाळेच्या पोरांचे गणवेश शिवतो. गावातले लोक विचारतात, बायको कुठंय? तर सांगतो, दुष्काळात गेली.

मुलगी ताडकन उठून बाहेर गेली. मला कुठं बघावं कळेना. आणि बाई हसल्या. तोंडावर पदर धरून चांगल्या हसल्या.

"मी मेले म्हणला? मंग त्येच. गिऱ्हाइकाला कपडा येळेवर दिला न्हाई की हेच सांगायचे. बायको आजारी हाय, बायको जगती का मरती."

लेखकाचं तोंड उघडंच राहिलं. म्हणाला, "पण मावशी, हे मी खरंच मनानं लिहिलंय."

परतीच्या गाडीत बाई नांदेड येईपर्यंत म्हणत होत्या, त्येच हायत. बस लोह्याला थांबली तेव्हा म्हणाल्या, त्येंनी एवढं खोटं काळजावर दगड ठेवून सांगितलं नसतं, दुसराच कुणी असंल. लातूरला उतरताना एवढंच म्हणाल्या, "ती पानं बी छापा, गुरुजी."

पुढच्या अंकात छापली. मागच्या कथेचा उरलेला भाग असा अर्धवट मजकूर बघून वाचकांनी नापसंती कळवली. मित्र म्हणाला, आपलं डोकं फिरलंय असं लोकांना वाटणार. मला तर ते आधीपासूनच वाटत होतं. ती पानं वाचून कुणी आलं नाही. बाईंचे दीर किनवटकडं चार गावं हिंडून आले. शिंपी भेटले, पण बाईंचे मालक त्यात नव्हते.

वर्ष-दीड वर्षानं मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका छापायला मायलेकी आमच्याकडंच आल्या. मी प्रुफं बघत बसलो होतो. मित्रानं विचारलं, "वडिलांच्या नावाआधी कै. लावायचं ना?"

"लावा," मुलगी म्हणाली. "नाहीतर तिकडचे विचारत बसतील."

"नगं," बाई म्हणाल्या.

"आई, मग सांगायचं काय?"

"मी सांगंन."

अक्षरं जुळवणारा जुळारी शिशाचे खिळे हातात घेऊन दोघींकडं आळीपाळीनं बघत उभा होता. मुलगी माझ्याकडं वळली. "सर, तुम्हीच सांगा हिला." शब्द ठेवायचा की काढायचा, हा तसा माझाच धंदा होता. मी म्हणालो, "आई म्हणते तसं राहू द्या." का म्हणालो, ते तिनं विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. नाव नुसतंच छापलं.

लग्नाला मी गेलो होतो. जेवायच्या पंगतीत मुलाच्या मामांनी विचारलंच, "नवरीचे वडील दिसून नाही राहिले?"

बाई वाढत होत्या. न थांबता म्हणाल्या, "तिकडं किनवटकडं असतेत. शिवणकाम हाय मोठं, शाळंचं. सुटता येत न्हाई." मग माझ्याकडं बोट करून म्हणाल्या, "हे गुरुजी जाऊन आलेत की तिकडं माझ्यासंगं."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी इस्लापूरला गेलो होतो, एवढं तर खरं होतं.

"हाव," मी म्हणालो, आणि पानातला भात कालवू लागलो.